सिंफनीची एकवाक्यता

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील सिंफनी ही मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना सामान्यतः चार भागांची असते आणि यांपैकी प्रत्येक भागाला, म्हणजे मूव्हमेंटला, स्वतःची गती, स्वतःचा आरंभ आणि स्वतःचा पूर्ण शेवट असतो. या भागांना येथे ‘खंड’ म्हटले आहे. एक खंड संपला की संचालक हात खाली घेतो, वादक पाने उलटतात, सभागृहात इतका वेळ दाबून धरलेला खोकला मोकळा होतो आणि मग निराळ्याच लयीत, बहुधा निराळ्याच आधारस्वरावर, पूर्वी न ऐकलेले काही सुरू होते. तरीही या चार खंडांना मिळून एकच नाव आणि एकच क्रमांक असतो, आणि रसिक ‘बीथोव्हेनची पाचवी’ असे एकवचनात बोलतात. हे एकवचन कशाच्या बळावर वापरले जाते हा प्रश्न संगीतशास्त्राचा आहे तितकाच तत्त्वज्ञानाचाही आहे. कारण जे भाग एकाच वेळी कधीही अस्तित्वात नसतात, ज्यांतला पुढचा सुरू होण्यापूर्वी मागचा विरून गेलेला असतो, त्यांची मिळून एक वस्तू होते असे म्हणायला आधार काय, असा प्रश्न माणसाच्या आयुष्याविषयीही विचारला गेला आहे आणि धर्मचिंतनाने तो थेट ईश्वराच्या ज्ञानापर्यंत नेऊन भिडवला आहे.

ख्यालगायनाशी परिचय असलेल्या वाचकाला येथे विलंबित ख्यालानंतर येणारी द्रुत बंदीश आठवेल. परंतु तेथे राग तोच राहतो, षड्ज हलत नाही, तानपुरा अखंड झंकारत असतो आणि म्हणून एकत्वाची शंकाच सहसा मनात येत नाही. सिंफनीत दोन खंडांना सांधणारे असे प्रत्यक्ष काहीही वाजत नसते. मध्ये असते ती केवळ शांतता.

ही चौकट कोणा विचारवंताने आधी आखून दिलेली नव्हती, ती प्रघातातून घडत गेली. सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्समध्ये अलेस्सांद्रो स्कार्लात्ती आणि त्याचे समकालीन संगीतनाटकाचा पडदा उघडण्यापूर्वी वाजवायच्या वाद्यसंगीताला जलद, संथ, जलद असे तीन भाग देत असत, आणि त्याच पूर्वरंगाला सिंफोनिया म्हणत. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात मिलानच्या सम्मार्तिनीसारख्या रचनाकारांच्या हाती हा प्रकार नाटकापासून सुटून स्वतंत्र मैफलीत आला. मानहाइमच्या दरबारी वाद्यवृंदात योहान श्टामिट्स याने संथ भागानंतर मिन्युएट हे दरबारी नृत्य घालण्याची रीत रुळवली आणि चार खंड झाले. योझेफ हायडनने आपल्या शंभरांहून अधिक सिंफनींतून या चौकटीला जे रूप दिले ते पुढे प्रमाण ठरले. पहिला खंड जलद आणि विचारप्रधान असतो. त्याच्या बांधणीला सोनाटा-रूप म्हणतात, आणि तीत दोन भिन्न स्वरकेंद्रांवर विषय मांडले जातात, मग ते मोडून-जोडून अनेक स्वरकेंद्रांतून फिरवले जातात आणि अखेर सर्व काही मूळ स्वरकेंद्रावर परत आणले जाते. (स्वरकेंद्र म्हणजे ज्या स्वराला घर मानून रचना चालते तो आधारस्वर आणि त्याच्याभोवतीची मेजर अथवा मायनर स्वरव्यवस्था.) दुसरा खंड संथ व गेय, बहुधा जवळच्या दुसऱ्या स्वरकेंद्रावर असतो, तिसरा नृत्याचा, ज्याची जागा बीथोव्हेनपासून स्केर्झो या अधिक वेगवान आणि कधी उग्र प्रकाराने घेतली, आणि चौथा, ज्याला फिनाले म्हणतात, पुन्हा मूळ स्वरकेंद्रावर येऊन निरोप घेणारा.

ज्या काळात ही चौकट पक्की झाली त्याच काळात तिच्या एकत्वाविषयी कोणाला फारशी आस्था नव्हती, ही गोष्ट आजच्या गंभीर सभागृहात बसणाऱ्यांना चमत्कारिक वाटेल. २३ मार्च १७८३ रोजी व्हिएन्नाच्या बुर्ग थिएटरमध्ये मोझार्टने स्वतःची मैफल केली तेव्हा त्याच्या ‘हाफ्नर’ सिंफनीचे पहिले तीन खंड आरंभी वाजले, मध्ये गाणी, पियानो कंचेर्तो आणि एकल पियानोवादन झाले, आणि त्याच सिंफनीचा शेवटचा खंड मैफलीच्या अखेरीस वाजला. स्वतः रचनाकार हजर होता, त्याला यात काही मोडले असे वाटले नाही. उलट त्याने वडिलांना पत्रातून हा क्रम समाधानाने कळवला. खंडांच्या मध्ये टाळ्या पडणे, आवडलेला खंड पुन्हा वाजवायला लावणे हे नेहमीचेच होते. ८ डिसेंबर १८१३ रोजी बीथोव्हेनची सातवी प्रथम वाजली तेव्हा तिचा दुसरा खंड श्रोत्यांनी पुन्हा वाजवून घेतला. खंडांमध्ये टाळ्या वाजवू नयेत हा संकेत त्यानंतर बऱ्याच काळाने रूढ झाला. तेव्हा सिंफनीचे एकत्व हे तिच्यासोबत जन्मलेले नाही, ते नंतर मागितले गेले. मागणी उशिरा झाली म्हणून ती खोटी ठरत नाही. मात्र तिचा आधार तपासावा लागतो.

भारतीय दर्शनांत हा वाद अवयव आणि अवयवी या नावाने फार जुना आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते धाग्यांपासून झालेले वस्त्र ही धाग्यांहून वेगळी, नव्याने उत्पन्न झालेली वस्तू असते आणि ती सर्व धाग्यांत समवाय संबंधाने राहते. बौद्धांच्या मते धाग्यांपलीकडे वस्त्र नावाचे काही नाही, ते केवळ व्यवहारापुरते दिलेले नाव आहे. वादाच्या या मांडणीत सिंफनी आणली की नैयायिकांची अडचण होते. अवयवी निर्माण व्हायचा तर अवयव एका वेळी हजर हवेत, आणि शब्द हा तर त्यांच्याच मते आकाशाचा गुण, तोही क्षणात नष्ट होणारा. ध्वनींचे वस्त्र विणता येत नाही. मग बौद्ध पक्षच उरतो काय, म्हणजे ‘पाचवी सिंफनी’ हे चार स्वतंत्र रचनांच्या गाठोड्याला लावलेले लेबलच आहे काय?

याच कोड्यापाशी इ.स. ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीन वेगळ्या वाटेने पोहोचला होता. ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या अकराव्या भागात त्याने काळाचे स्वरूप उलगडण्यासाठी पाठ असलेले स्तोत्र म्हणण्याचा दाखला घेतला आहे: म्हणायला सुरुवात करण्यापूर्वी संपूर्ण स्तोत्र अपेक्षेत असते, जसजसे ते म्हटले जाते तसतशी अपेक्षा आखडत जाते आणि स्मृती लांबत जाते, वर्तमान असते ते केवळ या दोहोंमधून वाहणारे अवधान. ऑगस्टीन येथे थांबत नाही. स्तोत्राविषयी जे खरे तेच माणसाच्या सबंध आयुष्याविषयी, आणि ज्याचे घटक ही आयुष्ये आहेत त्या मानवजातीच्या सबंध इतिहासाविषयीही खरे, असे तो म्हणतो. माणूस काळात ताणला गेलेला आहे. सर्व काही एकदम, एका दृष्टिक्षेपात जाणणे हे ईश्वराकडेच आहे. या ईश्वरी जाणण्याचे आकर्षण संगीतविचाराला पुढे इतके वाटले की १८१५ मध्ये लाइपझिगच्या ‘आल्गेमाइने मुझिकालिशे त्साइटुंग’ या पत्रिकेत मोझार्टचे म्हणून एक पत्र छापले गेले, ज्यात तो सबंध रचना मनात एखाद्या चित्रासारखी एकाच वेळी पाहतो असे म्हटले होते. ते पत्र बनावट असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. बनावटीतूनही एक इच्छा मात्र उघड होते: सिंफनी एकसंध असल्याची हमी कोणीतरी द्यावी, ईश्वर नसेल तर निदान रचनाकाराने.

ऑगस्टीनच्या उत्तराने स्तोत्राचे कोडे सुटते, सिंफनीचे अर्धेच सुटते. पाठ असलेल्या स्तोत्राची अपेक्षा असू शकते. प्रथमच ऐकल्या जाणाऱ्या सिंफनीचा दुसरा खंड चालू असताना तिसऱ्या खंडात काय येईल याची श्रोत्याला कल्पना नसते. शिवाय स्तोत्राच्या ओळी अर्धवट तोडल्या तर लंगड्या होतात, सिंफनीचे खंड तसे होत नाहीत. येथे उपयोगी पडते ती मीमांसकांची, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र उभारणाऱ्यांची, एकवाक्यतेची कल्पना, आणि संगीताच्या चर्चेत ती आजवर जितकी यायला हवी होती तितकी आलेली नाही.

यजुर्वेदातले मंत्र गद्य असल्यामुळे एक मंत्र कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हे छंदावरून ठरवता येत नाही. ही अगदी व्यावहारिक अडचण सोडवताना जैमिनीने मीमांसासूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात कसोटी सांगितली: ज्या पदसमूहाचे प्रयोजन एक आहे आणि ज्याचे तुकडे केले असता ते एकमेकांची वाट पाहत राहतात, म्हणजे साकांक्ष होतात, तो समूह एक वाक्य होय. कुमारिल भट्टाने ‘तंत्रवार्तिका’त ही कल्पना एक पायरी वर नेली. स्वतःपुरता अर्थ सांगून पूर्ण झालेली वाक्येसुद्धा मुख्य आणि अंगभूत, म्हणजे अंगी आणि अंग, अशा नात्याच्या अपेक्षेने पुन्हा एकत्र येतात आणि त्यांचे मिळून एक महावाक्य होते. पहिल्या प्रकाराला मीमांसक पदैकवाक्यता म्हणतात, दुसऱ्याला वाक्यैकवाक्यता. सिंफनीचे एकत्व या दुसऱ्या प्रकारचे आहे, असे येथे प्रतिपादन आहे. तिचे खंड ही अर्धी राहिलेली पदे नाहीत. ती पूर्ण झालेली वाक्ये आहेत. आणि पूर्ण झाल्यानंतर, स्वतःचा अर्थ सांगून झाल्यावर, त्यांच्यात एक नवी आकांक्षा जागी होते, जी एकेकटा खंड ऐकताना जाणवत नाही. ही आकांक्षा जागी होण्यासाठीच खंडामागून शांतता लागते. त्यामुळे मधली शांतता ही एकत्वातली फट आहे असे न मानता ती एकत्वाची जागा आहे असे मानणे अधिक योग्य ठरते.

या कल्पनेचा लाभ असा की ती ‘सिंफनी एक आहे की नाही’ असा सरसकट प्रश्न टाळून ‘या सिंफनीत अंगी कोणते आणि अंगे कोणती’ असा नेमका प्रश्न विचारायला लावते, आणि तो विचारला की सिंफनीच्या इतिहासातले सर्वांत मोठे स्थित्यंतर स्पष्ट होते. हायडन आणि मोझार्ट यांच्या बहुतेक सिंफनींत अंगी आहे तो पहिला खंड; सर्वांत गुंतागुंतीचा विचार त्यात होऊन जातो आणि फिनाले ही उत्साहाने केलेली पाठवणी असते. मोझार्टची शेवटची, १७८८ मधली, ‘ज्युपिटर’ सिंफनी हा अपवाद; तिच्या फिनालेत पाच छोटे विषय एकमेकांवर रचले जातात आणि वजन शेवटाकडे सरकते. हायडन आपल्या हस्तलिखिताच्या आरंभी ईश्वराच्या नावाने आणि शेवटी ईश्वराची स्तुती अशा अर्थाची लॅटिन वचने लिहीत असे, आणि त्याच्यापुरती एकत्वाची चिंता तेवढ्याने मिटत असावी: रचना हे एक अर्पण होते, आणि अर्पणाचे तुकडे मोजले जात नाहीत. अर्पणाच्या अंगाने आलेले एकत्व युरोपीय संगीताला नवेही नव्हते. पंधराव्या शतकात द्यूफाय आणि त्याच्या पिढीने मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, पाच ठरलेल्या गीतांना एकच आधारधून देऊन बांधले होते, जरी उपासनेत ही पाचही गीते एकामागोमाग येत नसून त्यांच्यामध्ये प्रार्थना, वाचने आणि विधी येतात. गोव्याच्या चर्चमध्ये वाढलेल्या वाचकाला हा क्रम सांगायला नको. तेथे मधल्या व्यत्ययानेही काही बिघडत नाही, कारण उपासना स्वतःच सांधणारी असते.

बीथोव्हेनने अंगीची जागा बदलली. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात प्रथम वाजलेल्या पाचव्या सिंफनीत तिसरा खंड संपतच नाही. तंतुवाद्ये एक लांब स्वर धरून ठेवतात, खाली टिंपनीचा ठोका चालू राहतो, सी मायनरचा अंधार हळूहळू ताणला जातो आणि त्यातूनच चौथ्या खंडाचा सी मेजर उसळतो, तोही अशा वाद्यांसह (ट्रॉम्बोन, पिकोलो, काँट्राबासून) जी पहिले तीन खंड गप्प बसलेली असतात. याच फिनालेच्या मध्यावर तिसऱ्या खंडाचा विषय पुन्हा दबक्या पावलांनी येऊन जातो. मीमांसक ग्रंथाचे तात्पर्य ठरवताना उपक्रम आणि उपसंहार यांचा मेळ, तसाच अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, ही चिन्हे पाहतात. येथे पुनरुक्ती आहेच, पण उपक्रम आणि उपसंहार जुळत नाहीत, त्यांच्यात मायनर आणि मेजरचे अंतर पडलेले आहे, आणि ते अंतरच रचनेचे तात्पर्य झाले आहे. आता तुकडे करून पाहावेत. तिसरा खंड वेगळा काढताच येत नाही. पहिला काढता येतो, परंतु चौथा एकदा ऐकलेल्या श्रोत्याला तो पूर्ववत पूर्ण वाटत नाही. १८१० मध्ये ई. टी. ए. होफमानने या सिंफनीवर लिहिलेल्या परीक्षणात सर्व खंडांना व्यापणाऱ्या आंतरिक संबंधाचा आग्रह धरला आणि सिंफनी एक असली पाहिजे ही मागणी समीक्षेच्या भाषेत ठामपणे पुढे आली.

७ मे १८२४ रोजी प्रथम सादर झालेल्या नवव्या सिंफनीत ही मागणी उघडच नाट्यरूप घेते. फिनालेच्या आरंभी मागच्या तिन्ही खंडांची सुरुवात क्रमाने आठवली जाते आणि चेलो व डबल बास जणू बोलत असल्यासारखे प्रत्येक स्मरण बाजूला सारतात. त्यानंतर नवी धून येते आणि अखेर मानवी कंठ. मागच्या खंडांना न्यायासनासमोर उभे करून त्यांचा निवाडा करणारा हा शेवट आहे. ख्रिस्ती परंपरेत इतिहासाचा अर्थ त्याच्या अंती उलगडतो, मधल्या दुःखाचे मोल शेवटच्या दिवशी ठरते. बीथोव्हेननंतरच्या शतकाने सिंफनीला कळत-नकळत हाच आकार दिला. गुस्ताव माहलरच्या दुसऱ्या सिंफनीचा पाचवा खंड तर मृतांच्या पुनरुत्थानाचाच आहे, आणि पहिल्या खंडानंतर किमान पाच मिनिटे थांबावे अशी सूचना त्याने संहितेत लिहून ठेवली. खंडांमधल्या शांततेला त्याने रचनेचा भाग मानले, हे येथे महत्त्वाचे. ती सूचना फारसे संचालक पाळत नाहीत ही गोष्ट वेगळी.

या सगळ्यावर एक कठोर आक्षेप आहे. एडमंड गर्नी या इंग्रज लेखकाने १८८० मध्ये ‘द पॉवर ऑफ साउंड’ या ग्रंथात म्हटले की संगीताचा आस्वाद क्षणाक्षणाने, एका तुकड्यातून लगतच्या तुकड्यात जात घेतला जातो आणि मोठ्या रूपाचे भान या आस्वादात जवळजवळ भर घालत नाही. जेरोल्ड लेव्हिन्सन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९९७ मध्ये हीच भूमिका नव्याने आणि काळजीपूर्वक मांडली. निकोलस कुक यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगीताच्या विद्यार्थ्यांना काही रचना मूळ रूपात आणि शेवट परक्या स्वरकेंद्रावर नेऊन अशा दोन्ही प्रकारे ऐकवल्या. अगदी छोट्या रचना सोडल्या तर श्रोत्यांची पसंती मूळ रूपाकडे झुकली नाही. मग अर्ध्या-पाऊण तासापूर्वीच्या स्वरकेंद्राकडे परत आल्याचे समाधान ही पुस्तकी गोष्ट ठरते. हा आक्षेप टाळता येत नाही आणि टाळूही नये. तथापि तो ज्यावर घाव घालतो ते श्रवणाच्या क्षणी आपोआप जाणवणारे एकत्व आहे. एकवाक्यता अशी आपोआप जाणवत नसते. वाक्ये स्वतःपुरती समजल्यावर, त्यांचे नाते शोधणाऱ्याला ती सापडते. मीमांसकांनाही ती वेदवाक्य कानी पडताच कळत नव्हती, त्यासाठी त्यांनी शास्त्र उभारले. गर्नीचा श्रोता खंड ऐकतो आणि ते खरेच असते. दुसऱ्यांदा, दहाव्यांदा ऐकणारा श्रोता त्यांच्यातील अपेक्षा ऐकतो, आणि तेही खरेच असते.

अधिक अवघड अडचण उभी केली ती माहलरच्याच सहाव्या सिंफनीने. तिचे मधले दोन खंड म्हणजे स्केर्झो आणि संथ आंदांते. छापील संहितेत आधी स्केर्झो होते. २७ मे १९०६ रोजी एस्सेनमध्ये पहिल्या प्रयोगावेळी माहलरने आंदांते आधी घेतले आणि नंतरही स्वतः संचालन करताना तोच क्रम ठेवला. १९६३ च्या चिकित्सक आवृत्तीत एर्विन रात्स यांनी स्केर्झो पुन्हा आधी आणले, २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय माहलर संस्थेने आंदांते आधी हाच क्रम योग्य असल्याचे जाहीर केले आणि संचालक आजही दोन्ही बाजूंना विभागलेले आहेत. खंडांची अदलाबदल करूनही रचना तीच राहत असेल तर तिच्या एकत्वाला अर्थ काय? मीमांसेच्या पाचव्या अध्यायाचा विषय क्रम हाच आहे, आणि तेथे पाठातला क्रम आणि प्रयोजनाने ठरणारा क्रम यांत विरोध आला तर प्रयोजन बलवान मानले जाते. अग्निहोत्राच्या विधानात आहुतीचा उल्लेख आधी आणि पेज शिजवण्याचा नंतर असला तरी शिजवल्यावाचून आहुती देता येत नाही, म्हणून शिजवणे आधी. सहाव्या सिंफनीत मात्र प्रयोजनच दोन तऱ्हेने वाचता येते. स्केर्झो आधी घेतले तर ते पहिल्या खंडाच्याच ए मायनरमध्ये त्याच्या निष्ठुर चालीचे विडंबन करत येते आणि श्रोत्याची सुटका लांबवते. ई फ्लॅट मेजरमधले आंदांते मग सी मायनरमध्ये उघडणाऱ्या फिनालेच्या अगदी जवळचे ठरते. आंदांते आधी घेतले तर पहिल्या खंडाच्या झुंजीनंतर विसावा मिळतो आणि मग दोन भीषण खंड लागोपाठ कोसळतात. दोन्ही वाचनांत अंगी तोच राहतो, सुमारे अर्ध्या तासाचा तो फिनाले, ज्यात हातोड्याचे घाव पडतात. अंगीशी असलेले नाते टिकले की अंगांचा क्रम काही प्रमाणात बदलता येतो, आणि यातून एकत्व नाकारले जात नाही, ते वस्त्राच्या जातीचे नसून वाक्याच्या जातीचे आहे हेच दिसते.

शेवटाकडे निवाडा म्हणून पाहण्याच्या श्रोत्याच्या सवयीवरच चायकोव्हस्कीने सहाव्या सिंफनीत (१८९३) नेमके बोट ठेवले आहे. तिसऱ्या खंडातले संचलन इतक्या जल्लोषात संपते की अनुभवी सभागृहातही टाळ्या पडतात, आणि त्यानंतर येतो तो विलापाचा संथ फिनाले, जो खालच्या तंतुवाद्यांत बुडत जातो. श्रोत्याने ज्याला निवाडा मानले तो निवाडा नव्हता. टाळ्या वाजवणाऱ्याला हसणारे पंडित येथे चुकतात. ती फसगत रचनेत मांडलेलीच आहे.

अंगीच नसेल तर काय, हा प्रश्न उरतो, आणि तो आन्टोन ब्रुकनरच्या नवव्या सिंफनीने धर्माच्या भाषेत विचारला आहे. सेंट फ्लोरियनच्या मठात घडलेला, पुढे लिंझ येथे ऑर्गनवादक असलेला हा अतिश्रद्धाळू कॅथलिक रचनाकार आपली ही शेवटची सिंफनी ‘प्रिय देवाला’ अर्पण करू इच्छित होता असे त्याच्या निकटवर्तीयांनी नोंदवले आहे. तीन खंड १८९४ च्या नोव्हेंबरअखेर पूर्ण झाले. फिनालेवर तो ११ ऑक्टोबर १८९६ रोजी मरण येईपर्यंत काम करत होता आणि त्या हस्तलिखिताची काही पाने मृत्यूनंतर इतस्ततः गेली. ब्रुकनरच्या सिंफनींत फिनाले हा सर्व मागील धागे परत आणणारा अंगी असतो, म्हणून ही केवळ एका खंडाची उणीव नव्हे. त्याला स्वतःला याची इतकी जाणीव होती की फिनाले पूर्ण न झाल्यास आपले ‘ते देउम’ हे ईशस्तुतिगीत शेवटी गावे असे त्याने सुचवले होते. ११ फेब्रुवारी १९०३ रोजी फेर्दिनांद ल्योव्हे याने व्हिएन्नात पहिला प्रयोग केला तेव्हा तसेच केले, आणि शिवाय तिन्ही खंडांच्या वाद्ययोजनेत व स्वरमेळांत स्वतःच्या पसंतीने पुष्कळ फेरफारही केले.

अशा प्रसंगी घेतलेल्या पर्यायाला मीमांसा प्रतिनिधी म्हणते. यज्ञात व्रीही (भात) मिळाले नाहीत तर नीवार (रानभात) चालतात. द्रव्याला प्रतिनिधी असतो. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नसतो. या कसोटीवर ‘ते देउम’ टिकत नाही: देवता तीच असली तरी मंत्र निराळा आहे, सी मेजरमधला, १८८४ मध्ये स्वतंत्रपणे पूर्ण झालेला, आणि डी मायनरच्या या सिंफनीतल्या कोणत्याही अपेक्षेचे उत्तर म्हणून तो जन्मलेला नाही. शूबर्टच्या १८२२ मधल्या दोन खंडांच्या ‘अपूर्ण’ सिंफनीला १८६५ मध्ये योहान हेर्बेकने तिच्या पहिल्या प्रयोगात शूबर्टच्याच तिसऱ्या सिंफनीचा फिनाले जोडला होता, तो प्रकारही याच जातीचा, आणि तो टिकला नाही हे बरेच झाले. ब्रुकनरच्या सूचनेला रचनाकाराची अनुज्ञा होती हा फरक आहे, पण अनुज्ञेने एकवाक्यता निर्माण होत नाही.

मीमांसेतच आणखी एक भेद आहे. काम्य कर्म, म्हणजे विशिष्ट फळासाठी केलेले, सर्व अंगांसह पार पडले तरच फळते; नित्य कर्म मात्र यथाशक्ती केले तरी चालते, त्यात काही अंगे राहून गेली तरी ते केले असेच धरले जाते. ब्रुकनरचे अर्पण नित्याच्या जातीचे होते असे म्हणण्याचा मोह होतो, आणि श्रद्धेच्या दृष्टीने ते खरेही असेल. परंतु नित्य कर्मातही सूट मिळते ती अंगांना. प्रधान कर्म सुटले तर काहीच झाले नाही. म्हणून तीन खंडांची नववी ज्या कारणाने उभी राहते ते कारण वेगळे आहे. फिनाले नसताना ऐकणाऱ्यांनी अंगीचे स्थान तिसऱ्या खंडाला दिले. त्या संथ खंडाच्या शेवटाकडे एका असह्य विसंवादी स्वरमेळावर सगळे थांबते आणि त्यानंतर ई मेजरमध्ये, सिंफनीच्या मूळ स्वरकेंद्राबाहेर, रचना हळूहळू स्थिरावते. उपक्रमाशी न जुळणारा हा उपसंहार ब्रुकनरला अभिप्रेत नव्हता, तरीही मागच्या दोन खंडांतल्या अपेक्षा त्याच्याशी येऊन मिळतात. ऑगस्टीनने ज्याला स्तोत्राची उपमा दिली ते माणसाचे आयुष्यही असेच कोठेतरी मध्येच तुटते आणि त्याचा अंगी कोणता हे त्याला स्वतःला ठरवता येत नाही.

२ एप्रिल १९३२ रोजी म्युनिकमध्ये झीगमुंड फोन हाउसएगर याने एकाच कार्यक्रमात आधी ल्योव्हेची आणि मग ब्रुकनरची मूळ संहिता वाजवली, आणि त्यानंतर मूळ तीन खंडांचीच प्रथा रूढ झाली. फिनालेच्या उरलेल्या पानांवरून अनेक अभ्यासकांनी तो पूर्ण करण्याचे प्रयत्न केले आहेत आणि त्यांपैकी एक सायमन रॅटल यांनी २०१२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकसह सादरही केला. हे प्रयत्न परिश्रमाचे आहेत आणि ते स्वतंत्रपणे ऐकले जावेत. परंतु त्यांना नवव्या सिंफनीचा चौथा खंड म्हणणे योग्य नाही.